दृष्टिकोन बदलतो, आवाज का बदलत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांत आळीपाळीने वेगवेगळ्या पात्रांच्या नजरेतून कथा सांगण्याची पद्धत हल्ली सर्रास दिसते. परंतु ती कशासाठी वापरायची, याचा विचार पुष्कळदा झालेला नसतो. या वाङ्मयप्रकारात वाचकाला एक संपूर्ण अनोळखी जग समजून घ्यायचे असते आणि त्या जगात वाढलेले पात्र स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टी मनाशी उगाळत बसत नाही. राजपुरोहिताला अग्निविधी नित्याचाच, म्हणून त्याचे लक्ष समिधा ओल्या तर नाहीत ना, याकडे असते. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला मात्र त्याच ज्वाळेत आपल्या मृत भावाचा चेहरा दिसतो. दोघांची प्रकरणे शेजारी आली की लेखकाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी १९९६ च्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या अद्भुतरम्य कादंबरीत प्रास्ताविक प्रकरण वगळता ८ पात्रांकडे निवेदन सोपवले. पुढे पसारा इतका वाढला की याच कादंबरीमालेच्या २००५ आणि २०११ च्या खंडांत पात्रांची मुख्यतः प्रदेशानुसार विभागणी करावी लागली.

अनुकरण करणारे मात्र ऐन मोक्याच्या क्षणी प्रकरण तोडण्याची युक्ती तेवढी उचलतात (तिचाही लवकरच कंटाळा येतो) आणि राणी व चोर दोघांनाही एकाच सुरात विचार करायला लावतात. प्रकाशकांनी प्रकरणांवरची पात्रांची नावे झाकून हस्तलिखित वाचावे आणि जी दोन पात्रे वेगळी ओळखू येत नाहीत, त्यांपैकी एकाचे निवेदन गाळण्यास लेखकाला सांगावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक