सगळेच कंद ‘बल्ब’ नव्हेत

महोदय,

बागकामाच्या सदरांत आणि बेण्याच्या पाकिटांवर लिली, ग्लॅडिओलस, डेलिया, हळद या सगळ्यांना सरसकट ‘बल्ब’ म्हटले जाते. त्यामुळे लागवड फसते, म्हणून हे पत्र.

ग्रीक ‘बोल्बोस’ म्हणजे कांद्यासारखा खाण्याचा कंद. लॅटिनमध्ये त्याचा ‘बुल्बुस’ झाला आणि पुढे तो इंग्रजीत आला. दिव्याचा बल्ब त्यानंतरचा. काचेच्या फुगीर आकारामुळे त्याला ते नाव मिळाले. वनस्पतिशास्त्राने मात्र कांद्याचा अर्थ धरून ठेवला. कांदा उभा चिरला की बुडाशी चपटी चकती दिसते, तेच खोड. वरचे मांसल पापुद्रे म्हणजे पानांचे बुडखे. मुळ्या फुटतात त्या चकतीतूनच. म्हणून बेणे घेताना कंद उलटा करून बूड दाबून पाहावे. ते मऊ लागले तर वरून कितीही टणक असलेला कंद घेऊ नये.

ग्लॅडिओलसचा गड्डा चिरला तर पापुद्रे दिसत नाहीत, आतून तो भरीव असतो. हा कॉर्म, ग्रीक ‘कोर्मोस’ म्हणजे फांद्या छाटलेला बुंधा. सुरण आणि अळूही यातलेच. ग्लॅडिओलसमध्ये दर हंगामात जुना गड्डा सुकतो आणि त्याच्या डोक्यावर नवा धरतो. फुलाचा दांडा कापताना खाली ४-५ पाने राखली नाहीत, तर हा नवा गड्डा पोसत नाही. काढणीनंतर त्याला सुप्तावस्था असते. लगेच लावला तर तो उगवत नाही आणि लोक बेण्याला दोष देतात.

सर्वाधिक नुकसान डेलियात होते. ती फुगलेली मुळे आहेत आणि त्यांच्यावर डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, नसतात. डोळे असतात जुन्या खोडाच्या बुडख्याला. विभागणी करताना प्रत्येक मुळासोबत डोळा असलेला बुडख्याचा तुकडा यायलाच हवा. नाहीतर मुळ्या फुटतील, पण कोंब कधीच येणार नाही. (रताळेही मूळच, पण त्याच्यावर कोंब फुटतात. डेलियाला ती सोय नाही.)

हळद आणि आले हे ऱ्हायझोम, म्हणजे जमिनीत आडवे वाढणारे खोड. पेरे आणि डोळे हीच त्याची खूण. आल्याच्या बेण्याच्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन ठसठशीत डोळे हवेत. आपल्या हळद उत्पादकांकडे जेठा गड्डा, बगल गड्डा, हळकुंड असे नेमके शब्द आहेत. ते सोडून ‘हळदीचा बल्ब’ छापण्याचे कारण नाही.

आपल्या सदरात यापुढे प्रत्येक बेण्याचा प्रकार, डोळा कुठे असतो आणि लावताना कोणती बाजू वर ठेवायची, एवढे जरूर द्यावे.

– एक वाचक