‘विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतो’ म्हणून विकलेल्या प्रिंटरबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : मल्टिफंक्शन प्रिंटरची ‘स्कॅन टू फोल्डर’ सोय न चालणे आणि ती चालवण्यासाठी मदत केंद्राने दिलेले धोकादायक सल्ले

संदर्भ : ‘निवारण झाले’ असा शेरा मारून तुम्ही परस्पर बंद केलेली आमची तक्रार

महोदय / महोदया,

तुमच्या प्रिंटरच्या छपाईबद्दल आमच्या कार्यालयात कुणाची कुरकुर नाही. अक्षर ठसठशीत येते, कागद अडकत नाही, स्कॅनही स्वच्छ निघतो. अडचण आहे ती स्कॅन केलेला कागद यंत्रातून बाहेर पडून संगणकाच्या फोल्डरमध्ये जाण्याची. तो जात नाही. आणि तो जावा म्हणून तुमच्या मदत केंद्राने जे उपाय सुचवले, ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहेत.

आमचे नेटवर्क मिश्र आहे हे खरेदीच्या वेळीच सांगितले होते. हिशेबाच्या टेबलांवर विंडोज ११ प्रो, मांडणीचे काम करणाऱ्यांकडे मॅक, आणि सगळ्यांच्या सामायिक फाइल्स एका लिनक्स संगणकावर, सांबा (विंडोजच्या पद्धतीने फोल्डर शेअर करणारे सॉफ्टवेअर) वापरून शेअर केलेल्या. यात जगावेगळे काही नाही. तुमच्या माहितीपत्रकावर तिन्ही सिस्टिमची चिन्हे छापलेली आहेत आणि खाली ‘नेटवर्क फोल्डरमध्ये थेट स्कॅन’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. कोणत्या आवृत्तीचे नेटवर्क फोल्डर, हे बारीक अक्षरांतही कुठे नाही.

छपाईचे आधी थोडक्यात सांगतो, कारण ते आम्ही आमचे निस्तरले आहे. यंत्राला नेटवर्कची केबल जोडता येते, वायफायही आहे, तरी तुमच्या तंत्रज्ञाने तो यूएसबीने एका विंडोज संगणकाला जोडला आणि तिथून शेअर केला. म्हणजे तो संगणक बंद झाला की सगळ्यांची छपाई बंद. बाकीच्या विंडोज संगणकांवर प्रिंटर जोडताना आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला गेला, मग ०एक्स०००००११बी हा एरर आला. यावर तंत्रज्ञाने रजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यातली) एक नोंद शून्य केली आणि ‘अपडेट येत राहिले तर पुन्हा बिघडेल, अपडेट बंदच ठेवा’ असे सांगून तो निघून गेला.

या दोन्ही गोष्टी यंत्रातला दोष नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. २०२१ च्या जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेली विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या भागातली) त्रुटी उघड झाली. त्यानंतर ऑगस्टच्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) बसवायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागू लागले आणि सप्टेंबरच्या अपडेटने प्रिंट सर्व्हरशी होणारे बोलणे अधिक कडक तपासायला सुरुवात केली. ११बी हा एरर त्या तपासणीतून येतो. रजिस्ट्रीतली ती नोंद शून्य करणे म्हणजे तपासणीच बंद करणे. प्रिंटर थेट नेटवर्कला जोडला असता तर हा एरर उद्भवलाच नसता. आम्ही नंतर तेच केले. राउटरमध्ये प्रिंटरसाठी आयपी पत्ता राखून ठेवला आणि विंडोजवर त्या पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट, मॅकवर एअरप्रिंट अशी जोडणी केली. लिनक्सवर तर काही करावेच लागले नाही. आयपीपी या छपाईच्या प्रमाणित पद्धतीने, म्हणजे ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून, तुमच्या यंत्राने ड्रायव्हरशिवाय पान छापून दिले. मधल्या काळात विंडोजवर प्रिंटर अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसायचा, तेही पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (नेटवर्कवरून प्रिंटरची स्थिती विचारण्याची) खूण काढल्यावर थांबले. तुमच्या मदत केंद्राच्या लेखी मात्र ऑफलाइनचे कारण ‘कार्यालयात मॅक आहेत’ हे होते. मॅकचा त्यात काय संबंध, हे विचारल्यावर फोन दुसऱ्या विभागाकडे वळवण्यात आला.

आता स्कॅनिंग. खरी तक्रार इथे आहे.

प्रिंटरच्या पडद्यावर फोल्डरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरला की ‘जोडणी अयशस्वी’ एवढेच दोन शब्द येतात. का अयशस्वी, ते नाही. पासवर्ड चुकला, संगणक सापडला नाही, फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नाही, की दोघांची भाषाच जुळली नाही, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही वेळा तेच दोन शब्द दिसतात. मदत केंद्राने अर्थातच सुरुवात पासवर्डपासून केली. विंडोजवर लॉगिन करताना जो पिन टाकता तोच भरा, असे सांगितले. विंडोजचा पिन हा त्याच एका संगणकापुरता असतो, नेटवर्कवरून आत येणाऱ्याला तो कधीच चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. प्रिंटर विकणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला हे ठाऊक नसावे याचे आश्चर्य वाटले. शेवटी आम्ही स्कॅनिंगसाठी स्वतंत्र स्थानिक खाते उघडले, त्याला लांब पासवर्ड दिला आणि फक्त त्या एका फोल्डरवर लिहिण्याची परवानगी दिली. शेअरची परवानगी आणि डिस्कवरच्या फोल्डरची परवानगी, दोन्ही तपासल्या, कारण दोन्हींत जी अधिक कडक असेल तीच लागू होते. याच खात्याने मॅकवरून त्या फोल्डरमध्ये फाइल ठेवता आली, लिनक्सवरून आली, दुसऱ्या विंडोजवरूनही आली. फक्त तुमच्या प्रिंटरला जमले नाही.

मग फोल्डर सांबावर हलवून पाहिले, कारण सांबा निदान लॉगमध्ये कारण लिहितो. लॉगची पातळी वाढवल्यावर प्रिंटरच्या प्रत्येक प्रयत्नाला नोंद सापडली : दोघांना मान्य असा एकही प्रोटोकॉल (बोलण्याची पद्धत) नाही. पासवर्डपर्यंत गाडी पोहोचतच नव्हती. खात्री करण्यासाठी वायरशार्क या तपासणीच्या सॉफ्टवेअरने नेटवर्कवरची देवाणघेवाण टिपली. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरशी बोलण्याची पद्धत. तिच्या जोडणीच्या सुरुवातीला यंत्र आपल्याला कोणकोणत्या बोली येतात त्याची यादी पाठवते. ज्याला नवी बोलीही येते ते यंत्र जुन्या पद्धतीने सुरुवात केली तरी त्या यादीत ‘एसएमबी २.००२’ असा उल्लेख करते. तुमच्या प्रिंटरच्या यादीत सगळ्यात नवी नोंद होती ‘एनटी एलएम ०.१२’. म्हणजे एसएमबी १. त्यापुढे काहीही नाही.

हे कळल्यावर बाकी सगळे आपोआप उलगडते. मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ कालबाह्य असल्याचे २०१४ मध्येच जाहीर केले. विंडोज १० च्या १७०९ या २०१७ मधल्या आवृत्तीपासून होम आणि प्रोच्या नव्या इन्स्टॉलमध्ये त्याचा सर्व्हर (फोल्डर देणारा) भाग मुळात नसतो, आणि क्लायंट (फोल्डर मागणारा) भागही वापरात नसेल तर १५ दिवसांच्या चालू वेळेनंतर स्वतःहून निघून जातो. सांबाने २०१९ च्या ४.११ या आवृत्तीपासून तो मुळातूनच बंद ठेवला. मॅकच्या शेअरिंगच्या सेटिंगमध्ये तर तो चालू करण्याचे बटणच नाही. तिन्ही सिस्टिमनी ज्या बोलीला दार बंद केले आहे, नेमकी तेवढीच बोलणारे यंत्र ‘तिन्हींवर चालते’ म्हणून विकले गेले.

मदत केंद्राला हे सगळे पुराव्यानिशी कळवले. उत्तर आले : ‘कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एसएमबी १.० चालू करा, मग चालेल.’ चालते, हे आम्हालाही माहीत आहे. एका रिकाम्या संगणकावर करून पाहिले, स्कॅन मुकाट्याने फोल्डरमध्ये आला. पण २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतल्या फाइल्स कुलूपबंद केल्या, तेव्हा ते याच प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेले. त्या त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती, तरी ती न बसवलेली यंत्रे बळी पडली. ती त्रुटी आता बुजवलेली आहे हे खरे. पण एसएमबी १ मध्ये एन्क्रिप्शन नाही, आणि मधल्या कुणी जोडणी जुन्या बोलीवर ढकलू नये म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत आलेला बंदोबस्तही नाही. एका प्रिंटरच्या सोयीसाठी हिशेबाच्या सगळ्या संगणकांवर ते दार उघडे ठेवायचे, हा सल्ला लेखी द्यायला तुमच्या प्रतिनिधीला काही वाटले नाही.

त्याच धाग्यात पुढे आलेले सल्ले असे होते : विंडोजची फायरवॉल पूर्ण बंद करा, फोल्डर ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकारांसह द्या, पासवर्डने संरक्षित शेअरिंग बंद करा. फायरवॉल बंद करायची काहीच गरज नसते. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवून ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ची मुभा दिली की ४४५ क्रमांकाचा पोर्ट स्थानिक नेटवर्कपुरता उघडतो आणि तेवढे पुरते. पासवर्डविना शेअरिंगचा मार्ग तर आता विंडोजच बुजवत चालले आहे. २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोमध्ये एसएमबीच्या प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही (मजकूर वाटेत बदलला नाही याची खूण) सक्तीची झाली आहे आणि पाहुण्याच्या नावाने (‘गेस्ट’ म्हणून, पासवर्डविना) झालेल्या जोडणीवर अशी सही करताच येत नाही. म्हणजे तुमचा सल्ला ऐकून आम्ही आमची सगळी कुलपे काढून ठेवली असती, तरी पुढच्या आवृत्तीत स्कॅनिंग पुन्हा अडलेच असते. दुखणे डोक्याचे आणि लेप पायाला, असा हा प्रकार आहे.

दूरस्थ मदतीच्या वेळी तुमच्या प्रतिनिधीने आमच्या एका संगणकावर एसएमबी १ आमच्या संमतीविना चालू केला होता आणि दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर कायमच्या पासवर्डसह तिथेच ठेवून तो निघून गेला. ते दोन्ही आम्ही काढले. याची नोंद तुमच्याकडे आहे का, हेही कळवावे. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या’ असा संदेश आला.

सध्या आमचे कर्मचारी कागद पेनड्राइव्हवर स्कॅन करतात आणि तो पेनड्राइव्ह टेबलाटेबलांवर फिरतो. यंत्रात एफटीपीचा (फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा) पर्याय आहे, पण तुमच्या यंत्रातला एफटीपी साधा आहे, त्यात पासवर्ड आणि मजकूर दोन्ही उघडेच जातात. ईमेलने स्कॅन पाठवण्याची सोय मोठ्या फाइल्सना उपयोगी पडत नाही. एसएमबी १ पुरता एखादा जुना संगणक मध्ये ठेवून, त्याला बाकी नेटवर्कपासून वेगळा करून काम भागवता येईल, हेही तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण तुमच्या यंत्रातली उणीव भरून काढायला आम्ही आणखी एक यंत्र का सांभाळावे?

त्यामुळे आमची मागणी अशी आहे. या मॉडेलसाठी एसएमबी २ किंवा ३ चालवणारे आणि डिजिटल सही करू शकणारे फर्मवेअर (यंत्रातले मूळ सॉफ्टवेअर) तुम्ही देणार आहात की नाही, याचे लेखी उत्तर द्यावे. देणार असाल तर तारीख सांगावी आणि ते येईपर्यंत वॉरंटीची मुदत गोठवावी. देणार नसाल, तर ही सोय आजच्या कोणत्याही चालू सिस्टिमवर सुरक्षितपणे चालत नाही हे मान्य करून यंत्र बदलून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. ‘पुढच्या मॉडेलमध्ये ही सोय आहे’ हे उत्तर आम्हाला फोनवर मिळालेले आहे, ते पुन्हा पाठवू नये. पुढच्या मॉडेलमध्ये आहे याचा अर्थ ही उणीव तुम्हाला ठाऊक आहे. मग माहितीपत्रकावरून ते वाक्य अजून का हटलेले नाही?

सोबत वायरशार्कची फाइल, सांबाच्या लॉगमधला संबंधित भाग, माहितीपत्रकाचे छायाचित्र आणि मदत केंद्राशी झालेल्या चॅटची पाने जोडली आहेत. फाइल उघडून पाहणारा तंत्रज्ञ तुमच्याकडे असेल तर त्याने सरळ आमच्याशी बोलावे. पहिल्या पायरीपासून, म्हणजे प्रिंटर बंद करून चालू करण्यापासून, पुन्हा सुरुवात करायची आमची तयारी नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे ग्राहक तक्रार निवारणाकडे दाखल केली जातील.

कळावे,

आपला ग्राहक
(कार्यालयाच्या संगणक व्यवस्थेची जबाबदारी सांभाळणारा)