वाशिष्ठीकाठच्या आमच्या विहिरी पिण्याजोग्या करून देणाऱ्या कारागिरांस

आदरणीय कारागीर बंधूंनो,

सप्रेम नमस्कार.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर आणि नदीकाठच्या आमच्या वाड्या बुडवल्या. त्यानंतर मदतीचा ओघ इतका मोठा होता की, तांदूळ, कपडे आणि बाटलीबंद पाण्याची खोकी ठेवायला कोरडी जागा शोधावी लागत होती. ते सारे पाठवणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोतच. हे पत्र मात्र मुद्दाम तुम्हांला उद्देशून आहे, कारण घाटावरून आलेल्या तुमच्या टेम्पोत पाइप पाने, पीव्हीसीचे जोड, बेअरिंगे, मेगर (मोटारीच्या तारांचे विद्युतरोधन तपासणारे यंत्र), जनरेटर आणि गाळ उपसण्याचा डिझेल पंप एवढेच सामान होते, आणि आम्हांला नेमके तेच हवे आहे हे आम्हांलाही तोवर सुचलेले नव्हते.

पूर ओसरला तेव्हा विहिरी काठोकाठ भरलेल्या होत्या आणि त्यांतले घोटभर पाणीही पिण्याजोगे नव्हते. बाजारपेठेतून वाहत आलेले तेल, नदीचा गाळ आणि संडासांच्या टाक्यांतला मैला असे सगळे त्यांत उतरले होते. एका दमात विहीर रिकामी करावी, असा आमच्या तरुणांचा आग्रह होता. तुमच्यातल्या ज्येष्ठ गवंडीदादांनी तो मानला नाही. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असताना आतले पाणी झटकन काढले, तर बाहेरच्या दाबाने जांभ्याचे बांधकाम आत ढासळू शकते, हे त्यांनी शांतपणे समजावले आणि उपसा टप्प्याटप्प्याने केला. त्यानंतर पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचे गणित आले. पुरानंतरची पहिली मात्रा मोठी असते. पण रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर जेमतेम सत्तर ग्रॅम पावडर पुरते, हे तुम्ही दोरीने खोली मोजून आमच्या बायकांकडून वहीत मांडून घेतलेत. पूर्वी ओंजळीच्या अंदाजाने पावडर पडत असे. जास्त झाली की वासामुळे लोक ओढ्यावर जात आणि कमी झाली तर तिचा उपयोगच होत नसे. आता पावडर टाकल्यावर तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करून, पाण्यात क्लोरीन असल्याचा पिवळा रंग पाहिल्याशिवाय कोणी कळशी बुडवत नाही.

मोटारींची कथा थोडक्यात सांगतो. वरून कोरडी दिसणारी मोटर चालू करून पाहू नका, आत ओल असली तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची वेटोळी, जळेल किंवा शॉक बसेल, असे तुमच्या वायरमनने पहिल्याच दिवशी बजावले. जुलैत ऊन कुठले? त्याने पत्र्याच्या पेटीत दिवे लावून मोटारी सुकवल्या आणि मेगरने तपासूनच जोडल्या. ज्या तपासणीत उतरल्या नाहीत, त्या रिवाइंडिंगला गेल्या.

संडासांचे काम मात्र कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखे नव्हते, आणि म्हणूनच त्याविषयी अधिक लिहिले पाहिजे. पुरानंतर छायाचित्रे अन्नवाटपाची निघतात. गाळाने बुजलेला ट्रॅप, म्हणजे संडासाच्या भांड्याखालचा वाकडा पाइप, हाताने मोकळा करणाऱ्याचे कोणी काढत नाही. गमबूट आणि हातमोजे घालून, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका पत्करून तुम्ही ते काम केलेत. त्या दिवसांत आमच्या वाडीतल्या स्त्रिया अंधार पडेपर्यंत पाणी पिण्याचेही टाळत होत्या. त्यांची अडचण तुम्ही न विचारता ओळखली आणि इतर सगळी कामे बाजूला ठेवून आधी संडास वापरात आणलेत. त्याच वेळी एका घराचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, अगदी जवळ असल्याचे तुमच्या ध्यानात आले. सच्छिद्र जांभ्यातून मैलापाणी विहिरीकडे झिरपण्याचा धोका होता. विहिरीपासून पंधरा मीटरांहून अधिक अंतरावर, उताराच्या खालच्या बाजूला तुम्ही नवा खड्डा घेतलात आणि हवानळीच्या तोंडाला डासांची जाळीही बांधलीत.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. ज्यांचे पोट रोजच्या कामावर आहे, त्यांनी आपले दिवस असे देणे म्हणजे काय, याचा हिशेब आम्हांला कळतो, कारण आमच्यापैकी बहुतेकांचे पोटही तसेच चालते. माझ्या मते तुमच्या या मदतीचे मोल कुठल्याही धनादेशापेक्षा जास्त आहे. पैशाने पाइप आला असता, तो कुठून न्यावा हे कळले नसते.

तुमच्याबरोबर गाळात उतरलेला आमचा एक मुलगा त्यानंतर आयटीआयमध्ये नळजोडणीचा अभ्यासक्रम शिकला. मध्यंतरी विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाची झडप) निकामी झाला, तेव्हा तो त्यानेच बदलला. पावडरीची वही बचत गटाकडे असून नोंदी नियमित होतात.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, तेव्हा सहकुटुंब यावे, ही समस्त वाडीची विनंती आहे. हत्यारांची पेटी मात्र तेवढ्यापुरती घरीच ठेवावी.

आपले ऋणी,
वाशिष्ठीकाठच्या वाडीतील समस्त ग्रामस्थांच्या वतीने