चहाच्या डब्याखालचं पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

हे पत्र चहाच्या डब्याखाली ठेवतेय, म्हणजे सकाळी आधी आईच्या हाती लागेल. आई, चहा टाक आणि मग वाच. बाबांना वाचून दाखवशील तेव्हा त्यांच्या कानात मशीन आहे ना बघ. नाहीतर अर्धंच ऐकून ते मला फोन लावतील. तोवर आम्ही धुळ्याच्या पुढे गेलेले असू.

हिमाचलला जातोय हे मी खरंच सांगितलं होतं. हॉटेलात राहणार नाही, एवढंच सांगितलं नव्हतं. अंबडला उभी असते ती पांढरी ट्रॅव्हलर अभयच्या कंपनीची नाही, आमची आहे. आत पलंग, छोटा ओटा, बेसिन, सगळं करून घेतलंय. त्यातच राहायचं, त्यातच झोपायचं, थेट स्पितीत काझापर्यंत. तिथे जानेवारीत रात्री उणे वीसच्या आसपास पारा जातो. हे तुम्हाला पेपरात वाचून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

रागावलात ना? रागवा. पण आई, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन ड्रॉप बंद झाले, नवा चष्मा आला, मगच मी तारीख धरली. दिवाळीतच जायचं होतं, ते तुझ्यासाठीच पुढे ढकललं. दादा एकतीस तारखेपर्यंत तुमच्याकडे राहायला येतोय. सुट्टी माझी आहे, पैसे आमचे आहेत, कर्ज काढलेलं नाही. हे सगळं मी का सांगत बसलेय कोण जाणे. एक्केचाळीस वर्षांची झाले तरी तुमच्यापुढे परवानगीच मागते.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. आत ऊब कशाची? अप्पांच्या खोलीतली शेगडीची ती सकाळ मीही विसरलेले नाही. गाडीत शेगडी नाही, आणि झोपताना कुठलीही उघडी ज्योत नाही.

आपला बंब आठवा. आजीने तांबट आळीतून आणलेला, जो विकला म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. मधल्या नळीत गोवऱ्या जळायच्या, धूर वरून निघून जायचा आणि पाणी त्या नळीभोवती तापायचं. पाण्याला कधी धुराचा वास आला? गाडीतला हीटर तसाच आहे, पाण्याच्या जागी हवा. डिझेल एका बंद डबीत जळतं. जळायला लागणारी हवा एका नळीने गाडीच्या खालून आत येते, धूर दुसऱ्या नळीने खालीच बाहेर जातो. आतली हवा त्या तापलेल्या डबीच्या बाहेरच्या पंखांवरून फिरते आणि गरम होऊन येते. दोन्ही हवांची गाठ पडत नाही. बंबाची राख मात्र काढावी लागायची, इथे तेही नाही.

ओझरला आयुष्यभर मिग विमानांच्या पोटात डोकं घातलेल्या माणसाला मी हे समजावतेय, हसू नका. हीटर चिनी आहे. तोंड वाकडं करू नका, जर्मन वेबास्टोच्या किमतीत आमचा ओटा आणि पलंग दोन्ही झाले. गॅसवरचा हीटर मुद्दाम घेतला नाही. तिकडे युरोपात मोटरहोममध्ये गॅसवरचे हीटर सर्रास असतात, पण थंडीत ते प्रोपेन वापरतात. प्रोपेनची उणे बेचाळीसपर्यंत वाफ होते. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या जरा खाली गेला की वाफ व्हायचं नाकारतो. सिलिंडर भरलेला आणि शेगडी थंड. म्हणून डिझेल. ते तासाला पावशेर-छटाक जळतं म्हणा, रात्रभरात दीड-दोन लिटर.

डिझेलही थंडीत मेण धरतं, आपलं खोबरेल तेल बाटलीत गोठतं तसं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल काढलं. आम्ही टाकीत घालायचं औषध सोबत घेतलंय, थंडी लागायच्या आधीच घालायचं असतं. आणि काझा ३,७०० मीटरच्या आसपास. तिथे हवा विरळ, तेवढंच डिझेल दिलं तर काजळी धरते, म्हणून पंपाचा वेग कमी करायचा. तो कसा करायचा ते मी अभयकडून नाही, स्वतः शिकलेय.

आता दुसरी चोरी सांगते. डिसेंबरात आम्ही पिंपळगावला मामाकडे 'राहायला' गेलो होतो ना, ते द्राक्षबागेत गाडी उभी करून झोपायला. निफाडकडचा पारा उतरला होता, शेजारच्या बागांत पहाटे शेकोट्या पेटल्या होत्या, सगळीकडे धूर. आमच्या गाडीत सव्वीस अंश. पंपाचा टक टक टक आवाज रात्रभर येतो, मला तर आजीच्या घड्याळासारखा वाटला. मामाला माहीत होतं. त्याच्यावर चिडू नकोस आई, मीच शपथ घातली होती.

खरं सांगायचं तर त्याच्या आधी एक गडबड झाली होती. अंबडच्या फॅब्रिकेटरने धुराची नळी दाराच्या पायरीखालीच सोडली होती. चाचणीला दार उघडलं की धूर आत. मी म्हटलं, बदल. तो म्हणाला, ताई, चालतंय. मी तिथेच स्टूल टाकून बसले, नळी मागच्या चाकापलीकडे जाईपर्यंत उठले नाही. बाबा, हा तुमचाच गुण. बर्फ पडला की त्या नळीचं तोंड रोज मोकळं करायचं, हे आम्ही दोघांनीही ठरवून घेतलंय. उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. त्या वायूला रंग नाही, वास नाही, माणसाचं डोकं दुखतं, गरगरतं आणि झोप येते. वरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, नाहीतर आमच्याच श्वासाने सकाळी भिंती ओल्या. बॅटरीला हीटर चालू करताना आठ-दहा अँपियर लागतात, पुढे दोनसुद्धा नाहीत. ती गादीखाली गोधडीत ठेवलीय, कारण लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करत नाहीत. गोधडी तीच, आई, निळ्या साडीची. तुला विचारलं नाही तर काय झालं, ती तुझीच आहे.

आता तुमचं. माझ्या गाडीतला विस्तव बाहेरची हवा खातो. तुमच्या बाथरूममधला गॅस गीझर खोलीतलीच हवा खातो, तीच तुम्हीही खाता. आणि थंडी वाजते म्हणून बाबांनी खिडकीच्या जाळीवर पुठ्ठा लावून ठेवलाय! मागच्या आठवड्यात आंघोळीहून आल्यावर आईचं डोकं दुखत होतं, ते चष्म्यामुळे नव्हतं, असं मला वाटतं. घाबरू नका, पण ऐका. गॅस गीझर सोमवारपासून बंद. विजेचा सांगितलाय, सोमवारी माणूस येईल, पैसे दिलेत. बाबांनी घासाघीस करू नये. तोवर दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि मगच आंघोळ. दादाला सांगून ठेवलंय, तो विचारेल.

बीपीची गोळी जेवणाआधी. मोजे घालून झोपायचं, आई, गुडघे दुखले की नंतर मला सांगतेस. रोज रात्री आठला मी मेसेज करेन. तिथे मोबाइलला रेंज नसेल त्या दिवशी नाही येणार, तर लगेच पोलिसांत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबा.

डब्यात तीळगूळ ठेवलाय, बाबांना एकच. फ्रिजमध्ये मुगाचं वरण आहे. मागे वळून बघितलं असतं तर निघाले नसते, म्हणून तुम्ही झोपेत असतानाच पाया पडून गेले.

तुमची,
ठमी

ता. क. पुठ्ठा मी काढून गॅलरीत ठेवलाय. परत लावू नका. बाबा, तुम्हालाच म्हणतेय.