ऐन वेळी धावून आलेल्या ताईंचे आभार

गेल्या रविवारी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीने शेजारच्या इमारतींसोबत सुका कचरा गोळा केला. रद्दी, पुठ्ठे, बाटल्या, जुन्या वायरी पार्किंगमध्ये जमल्या आणि ठरवलेला टेम्पो आलाच नाही. फोनही बंद. आभाळ भरून आलेलं. रद्दी भिजली की भाव पडतो, सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

रोज आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी ते पाहिलं आणि दोन-तीन फोन लावले. थोड्याच वेळात आजूबाजूच्या भागांतल्या कचरावेचक ताई ढकलगाड्या घेऊन हजर! एका भंगारवाल्या दादांनी ताडपत्री आणि वजनकाटा दिला, पलीकडच्या सोसायटीने रिकामी पोती.

एक वयस्कर मावशी खोक्यांची चिकटपट्टी नखाने सोलत बसल्या होत्या. ढिगात इंजेक्शनची सुई निघाली. ती त्यांनी कागदात गुंडाळली, माझ्याकडून पेन मागून वर लाल खूण केली. म्हणाल्या, "पुढं कुणाच्या हाताला लागायला नको."

पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली, तेव्हापासून या बायकांनी एकमेकींना धरून ठेवलंय. त्या एकजुटीचा आधार त्या दिवशी आम्हाला मिळाला. माल विकून आलेले पैसे त्यांचेच, तो त्यांचा हक्क. पण सुट्टीच्या दिवशी घरची कामं टाकून त्या आल्या, याचं मोल पैशात होणार नाही.

ताई, मावशी, दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या इमारतीतून आता सुया, काचा वेगळ्या बांधून, लाल खूण करूनच येतील.