डाळिंबाचा बेदाणा कधी होणार? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: डागी डाळिंबाच्या प्रक्रियेचं संशोधन बागेच्या जवळ व्हावं याबाबत

साहेब, नमस्कार.

मी सांगोला तालुक्यातली शेतकरी. आमची भगवा जातीच्या डाळिंबाची अडीच एकर बाग आहे. मागच्या मृग बहाराची (पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या बहाराची) शेवटची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेली विक्रीची चिठ्ठी, ह्यांनी मला दाखवलीच नाही. धुण्याला शर्ट काढला तेव्हा खिशात घडी घातलेली सापडली. वर चांगल्या मालाचे दोन आकडे, खाली 'डागी – ३१ क्रेट'. त्याच्यापुढे जो दर होता त्यातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा केलं तर क्रेट घरीच उकिरड्यावर ओतले असते तरी चाललं असतं. पुढच्या खेपेला आम्ही तेच केलं.

डागी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, पण मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. तेल्या रोगाने सालीवर डाग पडलेलं फळ ते डागी. तेल्या हा जिवाणूचा रोग. पावसाचे थेंब, दमट हवा आणि वारा मिळाला की तो झाडावरून झाडावर जातो. आधी पानावर तेलाचा थेंब पडावा तसा ठिपका दिसतो, मग फळावर काळा डाग येतो आणि डाग मोठा झाला की साल तडकते. मृगाचं फळ पावसात वाढतं म्हणून त्याला जास्त धोका. पण फळ तडकायच्या आधी काढलं तर हा सगळा खेळ सालीवरच असतो. आतला दाणा लालभडक, पाणीदार, गोड. माझी नात तेच खाते. बाजारात मात्र फळाची किंमत सालीवरून ठरते.

आता शेजारी पंढरपूर तालुक्यात बघा. द्राक्षाचा दर पडला किंवा घड बाजाराच्या मापात बसले नाहीत तर तिथला बागाईतदार हातपाय गाळत नाही. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिली डिपिंग ऑईल (बेदाण्याचं तेल म्हणतात त्याला), त्यात द्राक्षं दोन-चार मिनिटं बुडवायची आणि शेडमध्ये जाळीवर पसरायची. सालीवरचा मेणाचा थर सुटतो, पाणी लवकर उडतं आणि पंधरवड्यात बेदाणा तयार. चार किलोला एक किलो, हा हिशोब तिथल्या पोरांनाही पाठ. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवा, दर आला की काढा. द्राक्षवाल्याला व्यापाऱ्यासमोर 'नाही' म्हणायची सोय त्या बेदाण्याने दिली. डाळिंबवाल्याला ती सोय नाही. आमचं डागी फळ तोडलं की लगेच विकायचं, नाहीतर फेकायचं.

मग आम्ही बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, आपण दाणे वाळवून अनारदाना करू. डागी फळं फुकटचीच होती. दोन रात्री आठ जणी फळं फोडत बसलो. डाळिंबाचा रस हाताला लागला की आधी गुलाबी दिसतो, सकाळपर्यंत बोटं काळी पडतात आणि ती चार दिवस निघत नाहीत. साडीच्या पदराचं तर विचारूच नका. दाणे शेडनेटच्या जाळीवर पसरले. पहिल्या दिवशी मुंग्या, दुसऱ्या दिवशी धूळ. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि दाण्याला दाणा चिकटून काकवी आटवल्यासारखा गोळा झाला. उरलेले उन्हात कसेबसे वाळले, तपकिरी झाले. सोलापुरात मसाल्याच्या एका व्यापाऱ्याला दाखवले. त्याने एक दाणा चावला, थुंकला आणि म्हणाला, "ताई, हे गोड आहे. गोड अनारदाना चटणीला कोण घेणार?"

खरं तर त्याने मला एका वाक्यात जे शिकवलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या. अनारदान्याला आंबट डाळिंब लागतं. हिमालयाच्या डोंगरउतारांवर रानात जी आंबटढाण डाळिंबं येतात त्यांचा अनारदाना चांगला होतो. आपला भगवा गोड म्हणून जगभर जातो, त्याच्यात आंबटपणा जेमतेम अर्धा टक्का. आंबटपणा नाही म्हणून चव नाही आणि साखर जास्त म्हणून हवेतलं पाणी ओढून तो चिकटतो. म्हणजे चूक नुसती आमच्या हाताची नव्हती. फळच त्या कामाचं नव्हतं.

आणि साहेब, हे शास्त्र कुठे दूर परदेशात नाही. सोलापूर शहराबाहेर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. लोह आणि जस्त जास्त असलेलं 'सोलापूर लाल' हे वाण तिथलं. अनारदान्यासाठी खास आंबट वाण, 'सोलापूर अनारदाना', तेही तिथलंच. आमच्या जिल्ह्याच्या नावाचं वाण आहे आणि माझ्या गावात ते एकाही बांधावर नाही! याचा दोष मी केंद्राला देत नाही. लावणार कोण? झाड लावलं की फळ यायला दोन-तीन वर्षं. तोवर बागाईतदार विचारणार, घेणार कोण? आणि घेणारा म्हणतो, आधी माल दाखवा. वाण तयार करणं हा अर्धा रस्ता. उरलेला अर्धा कुणाच्या खात्यात येतो हे मला आजवर कळलेलं नाही.

बरं, आंबट वाण राहू दे बाजूला. भगव्याचंच काय करायचं? रस काढा म्हणतात. घरच्या मिक्सरमध्ये दाणे फिरवले की बी भरडतं आणि रस कडवट होतो. फळ सालीसकट दाबलं की सालीचं टॅनिन उतरतं आणि जीभ आखडते. दाणे अखंड सुटे करणारं यंत्र लुधियानाच्या सिफेट या सरकारी संशोधन संस्थेने बनवलंय, ते मी फोनवर चित्रफितीत पाहिलंय. प्रत्यक्षात पाहिलं नाही. प्रशिक्षणाला मात्र गेले होते. मार्चएंडला. निधी संपवायचा होता म्हणून असेल, पण त्या वेळी तेल्याने डागलेलं मृगाचं फळ आमच्याकडे कुठून असणार? भिंतीवरच्या पडद्यावर जेली झाली, आम्ही चहा-बिस्किटं खाल्ली, प्रमाणपत्र मिळालं. ते फ्रेम करून लावलंय, सासूबाईंना आवडतं.

अनुदान नाही असं मी म्हणत नाही. आम्ही विचारलं तेव्हा सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के मिळत होते, दहा लाखांपर्यंत. आमच्या गटाने अर्ज भरायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर अडलो. कोणतं यंत्र? किती क्षमतेचं? त्यातून निघणारा माल किती दिवस टिकेल आणि कोण घेईल? कोटेशन द्यायला यंत्रविक्रेते दारात हजर होते, या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडेही नव्हती. पाककृती ठरायच्या आधी पातेलं घ्यायला लावणारी ही योजना. उरलेल्या ६५ टक्क्यांत मान मात्र आमचीच अडकते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सांगोल्यात किंवा मंगळवेढ्यात, बागांच्या मधोमध, एक साधी प्रक्रिया शेड उभी करा आणि तिला 'प्रकल्प' म्हणू नका, प्रयोग म्हणा. केगावचं केंद्र दिल्लीच्या अखत्यारीत आहे हे मला माहीत आहे, पण राहुरीचं विद्यापीठ राज्याचं आहे (भगवा त्यांनीच दिला), कृषी विभाग तुमचा आहे आणि दिल्लीला पत्र तुम्ही लिहू शकता. तिथे आमची डागी फळं दोन हंगाम विकत घ्या, दर किलोवर आणि आधी जाहीर केलेला. त्यांचं सरबत, जेली, ड्रायरमध्ये साठ अंशांच्या आसपास वाळवलेले दाणे, काय काय होतं ते आमच्या लाईटच्या वेळापत्रकावर, आमच्या पाण्यावर करून बघा. गावात यंत्रं चालवायला लागणारी थ्री फेज वीज रात्री येते हे प्रयोगशाळेत कुणाला आठवत नाही. शेडमध्ये कामाला गटाच्या बायका घ्या, रोजंदारीने. शेतकऱ्यांनी बांधाकडेची चार-चार आंबट झाडं लावायची आणि त्यांची फळं शेडने घ्यायची, असा लेखी करार करा. आणि दर महिन्याला खर्च-जमा शेडच्या दारावर फळ्यावर लिहा. तोटा झाला तर तोटा लिहा. आम्हाला फसलेला प्रयोगही चालेल, कारण मग दहा लाखांचं कर्ज काढायच्या आधी आम्ही थांबू.

हे काही नवीन मागत नाही मी. आमच्या जिल्ह्यात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळला निवडली गेली, इथल्याच शाळूच्या कणसांतून. म्हणून ती इथल्या काळ्या रानात आणि परतीच्या ओलीवर टिकली आणि अजून पेरली जाते. ती निवडणारा संशोधक रानात जाऊन कणसं बघत होता. डाळिंबाच्या बाबतीतही कुणीतरी आमच्या उकिरड्यावर येऊन बघावं, एवढंच.

जाता जाता सालीचं एक. चांगल्या फळाची साल आयुर्वेदवाले मागतात, पण सालीने कापडही रंगतं. पिवळट रंग येतो, लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की काळपट. चादरी आणि टॉवेलच्या सोलापुरात कुणी तो रंग विणकरांना लावून दाखवला तर फळाचा उरलेला भागही कामाला येईल. मी हे एका जुन्या रंगाऱ्याच्या तोंडून ऐकलंय आणि एका पांढऱ्या रुमालावर करून बघितलंय. रंग धुण्यात थोडा गेला, पण सगळा नाही. यावरही कुणीतरी नीट काम करावं.

ऑक्टोबरात मृग बहाराच्या फळांवर डाग दिसत असतात. शेड नसेल तर नसो, निदान त्या महिन्यात तुमच्या विभागातला एक अधिकारी आणि केगावचा एक शास्त्रज्ञ आमच्या गावी दोन दिवस पाठवा. फळं आम्ही देऊ, राहायची-जेवायची सोय करू. तो चिकट अनारदाना मी स्टीलच्या डब्यात ठेवलाय, तोही दाखवीन. नेमकं काय चुकलं हे त्यांनी तो चावून सांगावं.

आपली,
सांगोला तालुक्यातली एक डाळिंब उत्पादक
(आणि बचत गटातल्या सात जणी)