खिशातल्या पुडीविषयी

निपाणी

चि. सुहास यास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवताच धारवाडची बस धरलीस, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. खिशात सापडलेल्या तंबाखूच्या पुडीविषयी मी मामाला काही बोललेले नाही, आणि या पत्रातही तो विषय काढायचा नाही, असे ठरवून बसले आहे.

'निकोटीनचे रिसेप्टर मेंदूत जन्मतःच असतात, मग माझा काय दोष?' असे तू म्हणालास. फार्मसीला घातलेला मुलगा शिकतो आहे, म्हणून क्षणभर मला कौतुकच वाटले. पण ते रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागा, निकोटीनचे नव्हेत. लँग्ले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ साली निकोटीन आणि क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारे विष वापरून स्नायूंवरील अशा जागेचा माग काढला, आणि पुढे तंबाखूचे नाव तिला चिकटले. तिचा खरा धनी ॲसिटिलकोलीन, निरोप पोचवणारे रसायन, जे आपल्या मज्जापेशी स्वतःच तयार करतात. पाटीवरच्या नावाने घराचा मालक ठरत नाही, हे आपल्या सीमाभागात निराळे सांगायला नको.

ॲसिटिलकोलीनचे काम झाले की एक विकर (एन्झाइम) काही मिलिसेकंदांत त्याचे तुकडे करते. निकोटीनपुढे मात्र त्या विकराचे काही चालत नाही. निकोटीन तिथेच रेंगाळते, रिसेप्टर बधिर होतात, मेंदू त्यांची संख्या वाढवतो, आणि सकाळी डोळे उघडताच हात खिशाकडे जातो. तुझा गेलेला मी पाहिला.

पुन्हा तास घ्यायला लागले. तीस वर्षांची खोड आहे, रागावू नकोस.

तुझी आजी वखारीत तंबाखू चाळायला जायची. संध्याकाळी ती उंबऱ्याबाहेर लुगडे झटकायची आणि आत आम्हा भावंडांना शिंकांवर शिंका यायच्या. त्याच मजुरीवर मी बी.एस्सी. झाले, तेव्हा तंबाखूला शिव्या तरी कोणत्या तोंडाने देऊ? पण मिश्री लावल्याशिवाय तिला चहा जात नसे, आणि शेवटच्या वर्षी तिचे तोंड बोटभरच उघडायचे. लहान चमच्याने मी पेज भरवायची. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास.

तंबाखू सोडली की वाढलेले रिसेप्टर काही आठवड्यांत पुन्हा कमी होतात. तोवर चिडचिड होईल; फोन करून माझ्यावर चीड, चालेल मला.

येताना बेळगावला उतरलास तर कुंदा आण, नाहीतर तसाच ये. तुझा सदरा धुऊन ठेवला आहे. खिसा दोनदा चोळला, तरी वास गेलेला नाही.

तुझी,
आई